रडणाऱ्या गाईचा दगड : सहारातली चित्रं वाचण्याआधी

अल्जीरियाच्या आग्नेय कोपऱ्यात जानेत नावाचं एक गाव आहे. खजुरीच्या बागा, मातीची जुनी घरं आणि मागे उभा कडा. गावातून दक्षिणेकडे निघून सपाट रेतीत शिरलं की एक खडक एकटाच उभा दिसतो. त्याचं नाव तेघरघार्त. या खडकाच्या पायथ्याशी, जमिनीला जवळजवळ टेकूनच, काही गाई कोरलेल्या आहेत. माना खाली घातलेल्या, लांब शिंगं वर वळलेली. रेषा खोल आहेत आणि घासून घासून गुळगुळीत केलेल्या आहेत. सूर्य कलला की त्या रेषांमध्ये सावली भरते आणि गाईंचे चेहरे दगडातून पुढे आल्यासारखे वाटतात. प्रत्येकीच्या डोळ्याखाली एक थेंब आहे.

जगभर हे शिल्प 'रडणारी गाय' म्हणून ओळखलं जातं. त्याची एक गोष्टही सांगितली जाते. एक गुराखी आपली गुरं घेऊन नेहमीच्या पाण्यावर आला, तर पाणी आटलेलं. पुढे न्यायचं कुठे, हे त्याला कळेना. गाई तिथेच माना खाली घालून उभ्या राहिल्या. त्याने त्या तशाच दगडात कोरल्या.

ही गोष्ट खरी असेलच असं नाही. गाई कदाचित पाणी पिण्यासाठीच वाकलेल्या असतील, कारण पाऊस झाला की पाणी खडकाच्या पायथ्याशीच साचणार. पण गोष्टीत एक भाग पक्का आहे. आज जिथे शेळीलाही चारा मिळायची मारामार, तिथे कधीकाळी गाई होत्या, त्या पाळणारे लोक होते, आणि मग पाणी गेलं. हे आपल्याला कशावरून कळतं, तेच या लेखात सांगायचं आहे. त्यासाठी चित्रांच्या आधी दगडाकडे बघू. मला स्वतःला ही चित्रं कळायला लागली ती दगड कळल्यावरच.

या सगळ्या प्रदेशाला तासिली न'अज्जेर म्हणतात. 'तासिली' म्हणजे तिथल्या तुआरेग लोकांच्या भाषेत पठार. पठार ७२,००० चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे आपल्या कोकणाच्या दुपटीहून मोठं. जानेतमध्ये वर्षाकाठी सरासरी २० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. मुंबईत जुलैतली एखादी जोरदार सर तासाभरात याहून जास्त पाणी ओतते. इतक्या कोरड्या जागी १५,००० हून अधिक चित्रं आणि कोरीव आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत. १९८२ साली युनेस्कोने या पठाराला जागतिक वारसा ठरवलं, आणि तेही दुहेरी, निसर्गासाठी आणि मानवी संस्कृतीसाठी. माझ्या मते या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत.

आता दगड. तासिलीचा दगड म्हणजे वालुकाश्म, वाळू दाबली जाऊन, चिकटून घट्ट झालेला खडक. आपण महाराष्ट्रातले लोक काळ्या पाषाणावर वाढलेले. आपला बेसाल्ट लाव्हा थिजून झालेला, गच्च भरलेला. वालुकाश्माचा स्वभाव त्याच्या अगदी उलट आहे. माझ्या टेबलावर जोधपुरी दगडाचा एक तुकडा असतो, पायऱ्यांच्या कामातून उरलेला. तोही वालुकाश्मच. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो क्षणभर थांबतो, मग पसरतो आणि मुरतो. उरतो फक्त एक ओला डाग. तोच थेंब स्वयंपाकघरातल्या पाट्यावर टाकला तर वरच राहतो, पाटा कलता केला की घरंगळून जातो. वाळूच्या कणांमध्ये बारीक बारीक पोकळ्या असतात आणि पाणी त्यांतून आत शिरतं. सहारातल्या चित्रांचं जगणं आणि मरणं याच पोकळ्यांवर ठरलं आहे.

पाणी आत शिरताना क्षार विरघळवून नेतं. ऊन तापलं की पाणी बाहेर पडून उडून जातं, क्षार मात्र पृष्ठभागाजवळ राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढू लागतात. वाढणारा स्फटिक शेजारच्या वाळूच्या कणाला ढकलतो, आणि कण सुटतो. पावसाळ्यानंतर जुन्या घराच्या भिंतीला लोणा लागतो, पांढरट भुकटी येते, गिलाव्याचे पोपडे निघतात, तोच हा प्रकार. खडकालाही लोणा लागतो, फक्त त्याला हजारो वर्षं मिळतात. कड्याच्या तळाशी ओल जास्त टिकते आणि सावलीही असते, म्हणून तळचा भाग आधी झिजतो. वरचा भाग छज्जासारखा पुढे राहतो आणि खाली कपार तयार होते. पाऊस न लागणारी, सावलीची, पाठीशी भिंत असलेली जागा. माणसाला राहायला आणि चित्र काढायला याहून चांगलं काय हवं?

पठारावर चढायला जानेतच्या बाजूने अकबा आहेत. अकबा म्हणजे आपली घाटवाट. सामान गाढवांवर लादायचं आणि पायी चढायचं. वर पोचल्यावर जे दिसतं त्याला 'दगडांचं अरण्य' म्हणतात. खडकाचे शेकडो खांब आणि त्यांच्यामधून अरुंद गल्ल्या. सेफार नावाच्या जागी तर या गल्ल्या इतक्या सरळ आहेत की एखादं ओसाड शहर वाटावं. हे वाऱ्याने केलं असा सर्वसाधारण समज आहे. वाऱ्याचा हात त्यात आहेच, पण तो लहान. वाऱ्याबरोबर उडणारी वाळू बहुतेक जमिनीलगतच धावते, ती उंच खांब कशी कोरणार? मुख्य काम पाण्याचं. दगडात उभ्या भेगा होत्या, पावसाचं पाणी त्यांत शिरलं, भेगा रुंदावल्या, त्यांच्या गल्ल्या झाल्या, गल्ल्यांमधून ओढे वाहिले आणि दऱ्या खोदत गेले. म्हणजे एकही चित्र बघण्याआधी नुसती जमीन बघूनच कळतं की इथे भरपूर पाणी वाहिलेलं आहे. झिजून पडलेली वाळू वाऱ्याने खाली नेली आणि तिच्या टेकड्या झाल्या. जानेतजवळचा अदमेर नावाचा वाळूचा समुद्र अशा सुटलेल्या कणांचाच आहे.

या दगडाची एक जुनी आठवण इथेच सांगतो, कारण ती मला फार आवडते. तासिलीतला बराचसा वालुकाश्म ४४ ते ५० कोटी वर्षांपूर्वीच्या वाळूचा आहे. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा वाहिला तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे त्या मानाने सह्याद्री कालपरवाचा. १९६० च्या दशकात खनिज तेलाच्या शोधात फिरणाऱ्या फ्रेंच भूवैज्ञानिकांना इथल्या खडकांवर समांतर ओरखडे सापडले. असे ओरखडे सरकणाऱ्या हिमनद्यांमुळे उमटतात. सहारात हिमनदी! पण हिशोब बसतो. सुमारे ४४.५ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेचा हा भाग दक्षिण ध्रुवाजवळ होता आणि त्यावर बर्फाचं जाड आवरण होतं. खंड सरकत सरकत आजच्या जागी आला. त्यामुळे सहारा हिरवा होता हे ऐकून कुणी चकित झालं, तर मला वाटतं, या दगडाने त्याहून मोठी स्थित्यंतरं पाहिली आहेत.

आता चित्रांकडे येऊ. ती दोन तऱ्हांची आहेत, कोरलेली आणि रंगवलेली. वाळवंटातल्या उघड्या खडकावर हळूहळू एक काळपट लेप चढतो. हवेतली धूळ, तिच्यातलं लोह आणि मँगनीज ओलाव्याने खडकाला चिकटतं आणि हजारो वर्षांनी खडक कांस्यासारखा चकाकू लागतो. दुसऱ्या कठीण दगडाने ठोके देऊन हा लेप फोडला की आतला फिकट दगड उघडा पडतो आणि रेष दिसते. आधी ठोके, मग वाळू-पाणी घालून घासणं. काळाबरोबर ती रेषही पुन्हा काळी पडत जाते. म्हणून जिथे रेष आणि आजूबाजूचा खडक यांच्या रंगात काहीच फरक उरलेला नाही, ते कोरीव काम फार जुनं. जिथे रेष अजून फिकी आहे, ते त्या मानाने अलीकडचं. यावरून वर्ष सांगता येत नाही, पण आधी कोणतं आणि नंतर कोणतं हे बऱ्यापैकी कळतं.

रंगीत चित्रं बहुतेक कपारींमध्ये आहेत. रंग साधे: लाल आणि पिवळा गेरू, पांढऱ्यासाठी मऊ पांढरी माती. आपल्याकडे अंगणाच्या भिंतीला गेरू लावतात, तोच. गेरू म्हणजे लोहाचा गंज, तो उन्हाने विटत नाही. हिरवा किंवा निळा टिकाऊ दगडी रंग हाताशी नव्हता, म्हणून या चित्रांत गवत हिरवं नाही आणि पाणी निळं नाही. ज्या काळी सहारा हिरवागार होता, त्या काळची चित्रं लाल-पांढरी आहेत.

वय ठरवणं हीच मोठी अडचण. कार्बनवरून वय काढायचं तर नमुन्यात पूर्वी जिवंत असलेलं काहीतरी हवं, लाकूड, हाड, कोळसा. गेरूत तसं काहीच नसतं. मग अभ्यासक आडवळणाने जातात. एका चित्रावर दुसरं चित्र काढलेलं असेल तर खालचं आधीचं. कपारीतल्या गाळाचं वय काढता येतं. आणि सर्वात सोपा पुरावा प्राण्यांचा. पाळीव गाईगुरं या भागात साधारण ८,००० ते ७,००० वर्षांपूर्वी आली, तेव्हा गुराख्याचं चित्र त्याहून जुनं असू शकत नाही. घोडा उत्तर आफ्रिकेत साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास आला. उंट तर आणखी अलीकडचा, सुमारे २,००० वर्षांपूर्वीचा. चित्रातलं जनावर हाच चित्राचा जन्मदाखला. जर्मन प्रवासी हाइनरिख बार्थ १८५० साली शेजारच्या फेझानमधून, म्हणजे आजच्या लिबियातून जात होता. तिथल्या कोरीव आकृत्यांत बैल आहेत पण उंट एकही नाही, हे त्याच्या लक्षात आलं. त्यावरून, त्या काळी हा प्रदेश वेगळा असला पाहिजे, असं त्याने ताडलं. हे त्याने केवळ निरीक्षणावर ओळखलं, हातात कसलंही यंत्र नव्हतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

सर्वात जुन्या कोरीव आकृत्यांत रानटी जनावरं आहेत: हत्ती, गेंडा, जिराफ, पाणघोडा, आणि एक महाकाय रानम्हैस जिच्या शिंगांचा पसारा दोन मीटरहून अधिक असे. ती जात आज पृथ्वीवर नाही. वादी जेरात नावाच्या दरीत अशा आकृत्यांची रांगच आहे. १९३० च्या दशकात ब्रेनान्स नावाचा एक फ्रेंच लष्करी अधिकारी उंटावरून या दरीत शिरला, तेव्हा बाहेरच्या जगाला तिचा पत्ता लागला. तुआरेगांना अर्थात ती आधीपासून ठाऊक होती. पाणघोड्याकडे जरा थांबून बघा. हत्ती आणि जिराफ सुक्या गवताळ रानातही राहतात, पाणघोड्याला मात्र बारमाही डोह लागतो. एक पाणघोडा कोरलेला दिसला की त्या दरीत वर्षभर पाणी होतं असं म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर येतात 'गोल डोक्यांची' चित्रं, आणि इथे मला जास्त वेळ थांबायचं आहे. ही गुरं येण्याआधीची, शिकार आणि वेचणी करून जगणाऱ्या लोकांची. मोठमोठ्या मानवाकृती, डोकं गोल, चेहऱ्यावर नाक-डोळे नाहीत किंवा असलेच तर विचित्र चिन्हांसारखे. काही आकृत्या तरंगत असल्यासारख्या आडव्या. सेफारला अशी एक आकृती तीन मीटरहून उंच आहे, हात वर केलेली, आणि तिच्याकडे वळलेल्या लहान आकृत्या आजूबाजूला. जब्बारेन नावाच्या दुसऱ्या जागी इतक्या अवाढव्य आकृत्या आहेत की तुआरेगांनी जागेचं नावच 'राक्षस' अशा अर्थाचं ठेवलं. आऊआनरेत नावाच्या जागी शिंगांचं शिरोभूषण घातलेली एक स्त्री धावते आहे, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी. ठिपके अंगावर रंगवलेले असावेत किंवा गोंदणासारखे असावेत. बरेचसे गोल चेहरे मुखवटेही असू शकतील. ही रोजच्या जगण्याची चित्रं वाटत नाहीत. कुठल्यातरी विधीची, देवाधर्माची वाटतात.

याच आकृत्यांना १९५० च्या दशकात 'मंगळावरचा देव' असं नाव दिलं गेलं. आधी ते गमतीने होतं, पण पुढे लोकांनी ते खरंच धरलं. आजही इंटरनेटवर तासिली शोधलं की परग्रहवासी आधी हजर होतात. मला याचा मनापासून राग येतो. कुणीतरी आपल्या समाजाच्या श्रद्धेसाठी मचाण बांधून, गेरू कुटून, तीन मीटरची आकृती उभी केली, आणि आपण म्हणतो की हे माणसाला सुचणारच नाही. आपल्याकडे दशावतारात, बोहाड्यात मुखवटे चढवून देव नाचतात. ते सोंग बघून कुणी म्हणत नाही की खेळिये आकाशातून उतरले.

या लोकांच्या चित्रांत रानमेंढ्या वारंवार दिसतात. त्यामागचं एक कारण जमिनीत सापडलं. तासिलीला लागूनच लिबियात अकाकुस नावाचा असाच वालुकाश्माचा डोंगर आहे. तिथल्या कपारींत लेंड्यांचे जाड थर मिळाले. म्हणजे लोकांनी रानमेंढ्या पकडून कपारीत कोंडून ठेवल्या होत्या, त्यांना चाराही घातला होता. पाळीव जनावरं येण्याआधीच पाळण्याचा सराव सुरू होता.

मग सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी एक कोरडा काळ येऊन गेला आणि त्यानंतर पाऊस परतला तेव्हा गुराख्यांचं युग सुरू झालं. इथली चित्रं बघताना परकेपणा अजिबात वाटत नाही. ठिपक्यांच्या, पट्ट्यांच्या, तांबड्या-पांढऱ्या गाई, प्रत्येकीचा रंग वेगळा, जणू चितारणाऱ्याला प्रत्येकीचं नाव ठाऊक होतं. भरलेल्या कासा. गोल झोपड्यांपुढे बसलेल्या बायका, वासरांची दावण, भांडणं, लग्नासारखे काही समारंभ. इहेरेन नावाच्या जागी एका भिंतीवर अख्खा तळ हललेला आहे: बैलांच्या पाठीवर सामान लादलेलं, बायका नटून वर बसलेल्या, शेळ्यामेंढ्यांचा कळप पुढे. मेंढपाळ धनगरांचा वाडा घोड्यांवर संसार लादून कोकणात उतरताना ज्याने पाहिलाय, त्याला हे चित्र कुणी समजावून सांगायला नको.

गाई दुधासाठी होत्या की नुसत्या मांसासाठी, हे चित्रावरून ठामपणे सांगता येत नव्हतं. ते खापरांनी सांगितलं. अकाकुसमधल्या ताकारकोरी या कपारीतली सुमारे ७,००० वर्षं जुनी खापरं संशोधकांनी तपासली. आपली मातीची न झिलईची भांडी तेल-तूप पितात, हे आपल्याला माहीत आहे. ही खापरंही स्निग्ध पदार्थ प्यायली होती. दुधातल्या चरबीचा आणि मांसातल्या चरबीचा रासायनिक ठसा वेगळा असतो, आणि खापरांत दुधाचा ठसा मिळाला. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दूध भांड्यात घालून त्यावर काहीतरी प्रक्रिया केली जात होती, दह्यासारखं किंवा चीजसारखं काहीतरी. तेव्हाच्या बहुतेक मोठ्या माणसांना कच्चं दूध पचत नसणार. आंबवलेलं दूध पोटाला सोसतं, हे आपल्याला ताकाच्या वाटीवरून ठाऊक आहेच.

तर मग एवढा पाऊस कुठून आला? आणि गेला कुठे?

भोवरा आठवा. वेग कमी झाला की भोवऱ्याचं डोकं हळूहळू गोल डोलायला लागतं. पृथ्वीचा आससुद्धा असाच डोलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात. शिवाय पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे, त्यामुळे वर्षातून एकदा आपण सूर्याच्या सर्वात जवळ असतो. आज ती वेळ जानेवारीच्या सुरुवातीला येते, म्हणजे उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात. डोलण्यामुळे ही वेळ सरकत राहते. साधारण १०,००० वर्षांपूर्वी ती उत्तरेच्या उन्हाळ्यात येत होती. तेव्हा उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा सुमारे ७-८ टक्के जास्त ऊन मिळे.

जास्त ऊन म्हणजे जास्त वाळवंट, असं आधी वाटतं. प्रत्यक्षात घडलं उलट. जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तापलेली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून बाष्पाचे वारे येतात. मृगाच्या आधी आपण आभाळाकडे डोळे लावून ज्याची वाट पाहतो, तीच ही यंत्रणा. पश्चिम आफ्रिकेलाही असाच मोसमी पाऊस आहे. ऊन वाढलं तशी ओढ वाढली आणि तो पाऊस सहाराच्या आत दूरवर उत्तरेला पोचू लागला. गवत उगवलं, जमीन काळवंडली, ती आणखी ऊन शोषू लागली, झाडापाल्याने आणि तळ्यांनी हवेत पुन्हा बाष्प सोडलं, आणि पावसाने पाऊस ओढून आणला. चाड सरोवर तेव्हा साडेतीन लाख चौरस किलोमीटरपर्यंत पसरलं होतं. आपला अख्खा महाराष्ट्र त्यात बुडून वर जागा उरली असती. त्याच उन्हाने त्याच काळात आपलाही मोसमी पाऊस जोर धरून होता. राजस्थानातली लुणकरणसरसारखी आजची खारी तळी त्या काळी भरलेली असत, हे त्यांच्या गाळावरून समजतं. म्हणून सहाराची ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही.

डोलणं पुढे चालू राहिलं, उन्हाळ्याचं ऊन कमी होत गेलं, पाऊस दक्षिणेकडे मागे हटला. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेर समुद्रतळाच्या गाळात साधारण ५,५०० वर्षांपूर्वीपासून सहाराची धूळ एकाएकी वाढलेली दिसते. ऊन तर हळूहळू कमी झालं होतं, मग धूळ एकदम का? कारण गवत गेलं की त्याने टिकवलेला पाऊसही जातो. पावसाला पाऊस ओढत होता, आता कोरडेपणा कोरडेपणाला ओढू लागला. सगळीकडे हे एका वेळी झालं नाही. तासिलीसारख्या उंच पठारावर, जिथे दऱ्यांत पाणी साठतं, तिथे गुराखी आणखी बराच काळ टिकले. मग भिंतींवरून गाई कमी होत गेल्या. दोन चाकी रथाला जुंपलेले, पाय ताणून उधळलेले घोडे आले. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने गारामांत नावाच्या लोकांच्या चार घोड्यांच्या रथांचा उल्लेख केला आहे, ते याच बाजूचे. शेवटी उंट. उंटांच्या चित्रांशेजारी तिफिनाग लिपीतली अक्षरं येऊ लागतात, आणि ती लिपी तुआरेग आजही लिहितात.

या चित्रांचं सर्वात मोठं प्रदर्शन आणि सर्वात मोठं नुकसान एकाच मोहिमेतून झालं, हे सांगणं भाग आहे. १९५६-५७ मध्ये फ्रान्सचे संशोधक आंरी लोत चित्रकारांचा गट घेऊन पठारावर राहिले. वाट दाखवायला जेब्रीन हा तुआरेग वाटाड्या होता. त्याच्याशिवाय यातल्या कितीतरी जागा त्यांना सापडल्या नसत्या. त्यांनी चित्रांच्या पूर्ण आकाराच्या प्रती केल्या, पॅरिसला त्यांचं प्रदर्शन भरलं आणि जग थक्क झालं. पण प्रत करताना फिके रंग उजळावेत म्हणून भिंती ओल्या स्पंजने पुसल्या गेल्या. ओला हात फिरला की गेरू क्षणभर खुलतो, हे खरं. पण आता आपल्याला हा दगड माहीत आहे. पाणी आत मुरलं, क्षार जागे झाले, वाळताना ते रंगाच्या थरामागे येऊन बसले. लोणा लागला. हजारो वर्षं कोरड्या सावलीत टिकलेले रंग काही दशकांत फिकट झाले. त्यांच्या प्रतींपैकी काही चित्रं बनावट होती, हेही नंतर उघड झालं. त्यानंतर आलेल्या प्रवाशांनीही फोटो चांगला यावा म्हणून बाटलीतलं पाणी भिंतीवर शिंपडलं आहे. १९७२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि आता वाटाड्याशिवाय तिथे जाता येत नाही, हे फार बरं झालं.

योगायोग असा की त्याच १९५७ साली आपल्याकडे विष्णु श्रीधर वाकणकरांना भोपाळजवळ भीमबेटका सापडलं. तिथलाही दगड वालुकाश्मच, विंध्याचा, आणि तिथेही कपारी अशाच झिजून झालेल्या. तुम्ही भीमबेटकाला गेलात तर चित्रांआधी छताकडे बघा, कण सुटलेला दगड दिसेल. आणि हो, बाटली पिशवीतच ठेवा.

तासिलीत ओल्या काळाचे काही जिवंत अवशेष उरले आहेत. दऱ्यांमधल्या डोहांना तिथे गेल्ता म्हणतात, त्यांत आजही मासे आहेत. इमिहरू दरीच्या डोहांत तर विसाव्या शतकापर्यंत मगरी होत्या. चारी बाजूंना शेकडो किलोमीटर वाळू आणि मध्ये मगर, वाट बंद झाल्यावर मागे राहिलेली. शेवटची मगर १९२४ साली एका अधिकाऱ्याने गोळी घालून मारली.

मगरी गेल्या, सायप्रसची (सरूची) झाडं मात्र आहेत. तुआरेग त्यांना तारूत म्हणतात. तामरीत नावाच्या जागी, कोरड्या ओढ्याच्या पात्रात, ती उभी आहेत, पिळवटलेल्या जाड बुंध्यांची. काही २,००० वर्षांहून जुनी असावीत. मोजणीत जेमतेम २३३ जिवंत झाडं भरली. या झाडाची एक गोष्ट जगावेगळी आहे. त्याचं बीज आईच्या अंशाशिवाय तयार होतं, गर्भात आनुवंशिक वाटा फक्त परागकणाचा असतो. मादी शंकू त्याला नुसता जोपासतो. इतक्या थोड्या झाडांत परस्परांचा मेळ जमणं कठीण, तेव्हा एकट्या परागावर वंश चालवायची ही सोय त्याच्या कामी आली असेल. बी रुजतं, रोपवाटिकेत पाणी घातलं तर वाढतंही. दक्षिण युरोपात अशी लावलेली झाडं आहेत. पठारावर मात्र रोप क्वचितच तगतं. मोठ्या झाडांची मुळं खोल गेलेली आहेत, भेगांमधून मुरलेल्या पाण्यापर्यंत. पहिली काही वर्षं रोपाची मुळं तिथवर पोचत नाहीत, आणि वरून पाणी येत नाही.